एच नक्की कधी शून्य होतो

अलिबागच्या एस.टी. स्टँडसमोर माझा फोटो लागलेला असतो. दर वर्षी निकालानंतर फ्लेक्स नवा होतो, फोटो मात्र तोच, डोक्यावर केस असतानाचा. एका हातात खडू, दुसरा कंबरेवर आणि मागे इंटिग्रलची भलीमोठी खूण, फणा काढलेल्या नागासारखी. खाली ‘गणिताची भीती? विसरा!’ हे वाक्य. तेही माझंच. खोटं कशाला बोलू, स्टँडवरून जाताना मी त्या फोटोकडे एकदा तरी चोरून बघतोच.

गेल्या वर्षी मात्र चार-पाच महिने असे गेले की मी स्टँड टाळून मागच्या गल्लीतून क्लासला जायचो. ते का, ते सांगतो.

आधी माझ्या शिकवण्याबद्दल थोडं. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात मी कॉलेजात असल्यापासून काम करतो, बहुतेक वेळा खलनायकाचं. तोच आवाज वर्गात चालतो. आलेख चढायला लागला की मी टाचा उंचावतो, उतरला की गुडघे वाकवतो. आणि आपल्याकडच्या सगळ्या मास्तरांसारखं माझं एक हत्यार आहे, अर्धं वाक्य. ‘साइन एक्सचं डेरिव्हेटिव्ह काय? कॉऽऽ...’ असं म्हणून मी हात हवेत धरतो, आणि समोरची साठ पोरं गरजतात, ‘स एक्स!’ मग मी विचारतो, ‘समजलं?’ आणि साठ पोरं म्हणतात, ‘होऽऽ सर!’ या ‘होऽऽ’मध्ये काय सुख आहे ते ज्यानं ऐकलंय त्यालाच माहीत. त्याच्यावर मी वीसेक वर्षं जगलोय.

एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर एक बाई जिना चढून वर आल्या. रेवस रस्त्याला नारळाची लहानशी वाडी घेऊन मुंबई सोडून आलेलं हे कुटुंब. दोन खोल्या पाहुण्यांना देतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. गावात त्यांची प्रसिद्धी वेगळ्याच कारणासाठी होती. त्यांनी मुलीला शाळेत घातलीच नव्हती. घरीच वाढवली, घरीच शिकवली, दहावी मुक्त शाळेतून बाहेरून दिली.

‘आता बारावी आहे सर,’ त्या म्हणाल्या. ‘बाकी विषय तिचे तीच करते. गणितात दहावीपर्यंत आम्ही दोघं पुरलो, कॅल्क्युलसला आम्हीच बुडालो. तिला जहाजांचे आराखडे काढायला शिकायचंय. त्या कॉलेजला गणितात साठ टक्के लागतात. आत्ता ती पुढे सरकतच नाहीये. विषय बदलायला अजून मुदत आहे, पण गणित सोडलं की जहाज पण सुटलं.’

‘ताई,’ मी खुर्चीतून उठून म्हणालो, ‘जहाज मी बंदराला लावतो.’

हे वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

आठवड्यातून तीन दिवस त्यांच्या घरी जायचं ठरलं. पहिल्या दिवशी गेलो तर मुलगी पडवीत बसली होती. सतरा वर्षांची, लांब वेणी, पायाला वाडीतली माती. तिनं दोन खुर्च्या शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या. मी म्हटलं, फळा हवा. तिनं स्वयंपाकघरातून वाणसामान लिहायचा छोटा पांढरा बोर्ड आणला. त्यावर ‘कांदे, कडधान्य, काडेपेटी’ लिहिलेलं होतं. ते पुसून मी सुरुवात केली.

‘साइन एक्सचं डेरिव्हेटिव्ह काय? कॉऽऽ...’

हात हवेत. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी भुवया वर केल्या. तिनंही केल्या. मी ‘कॉऽऽ’ आणखी थोडं लांबवलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी उमटली.

‘काका, पाणी आणू का?’

तिला वाटलं मला ठसका लागलाय, नाहीतर शब्द आठवत नाहीये. आतून तिच्या आईचं हसू दाबल्याचा आवाज आला. मी पाणी प्यालो. ‘कॉस एक्स,’ मी पेला ठेवत म्हणालो. ‘आणि मला सर म्हण. काका नको.’

‘बरं.’

मग मी अर्धा तास शिकवलं. जीव ओतून. टाचा उंचावल्या, गुडघे वाकवले, पडवीतलं कुत्रं उठून निघून गेलं. शेवटी बोर्डावर टिचकी मारून मी विचारलं, ‘समजलं?’

‘नाही,’ ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. ‘समजलं?’

‘नाही. पण तुम्ही सांगता छान.’

खरं सांगतो, मला कोणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. त्या ‘नाही’त उद्धटपणा नव्हता. पाऊस पडतोय का असं विचारल्यावर बाहेर बघून ‘नाही’ म्हणावं, तसं ती म्हणत होती. मला एकदम लक्षात आलं की हे उत्तर मी इतक्या वर्षांत ऐकलेलंच नाही. शाळेत गेलेलं प्रत्येक पोर पहिलीतच शिकतं की मास्तरनं ‘समजलं?’ विचारलं की ‘हो’ म्हणायचं, म्हणजे मास्तर पुढे जातो आणि सगळे सुटतात. हिला कोणी हे सांगितलंच नव्हतं.

‘काय नाही समजलं?’ मी विचारलं.

तिनं बोर्डाकडे बोट दाखवलं. मी डेरिव्हेटिव्हची व्याख्या लिहिली होती. एक्समध्ये एच एवढी वाढ करायची, फंक्शन किती वाढलं ते काढायचं, त्याला एचनं भागायचं आणि मग एच शून्याकडे न्यायचा.

‘इथे आपण एचनं भागलं. म्हणजे तेव्हा एच शून्य नव्हता. शून्यानं भागता येत नाही ना?’

‘बरोबर.’

‘आणि खालच्या ओळीत तुम्ही एचच्या जागी शून्य घातला. मग एच नक्की कधी शून्य होतो?’

मी हसलो. मी पुष्कळ हसलो. ‘शून्य होत नाही गं, शून्याकडे जातो! टेंड्स टू झीरो!’ हा ‘टेंड्स टू’ म्हणताना मी वर्गात दोन्ही हात पुढे करून मांजरासारखा दबकत चालतो. पडवीत जागा कमी होती, तरी चाललो.

‘जातो, पण पोचत नाही?’

‘पोचत नाही.’

‘मग तुम्ही शून्य का लिहिलात?’

मी बोर्डाकडे बघितलं. व्याख्या तीच होती, मी हजारदा लिहिलेली. आणि मला, स्टँडसमोर फोटो असलेल्या माणसाला, उत्तर माहीत नव्हतं. विसरलो होतो असंही नाही. ते मला कधी माहीतच नव्हतं. मला हे असंच सांगितलं होतं, मी असंच सांगत आलो होतो, आणि मधे कोणी विचारलं नव्हतं.

‘छान प्रश्न आहे,’ मी घड्याळ बघत म्हणालो. ‘तो आपण पुढच्या वेळी घेऊ.’

पुढच्या वेळी मी तो घेतला नाही. तिनं आठवण केली, तेव्हा मी म्हणालो, ‘हे परीक्षेत येत नाही.’ हे वाक्य म्हणजे आमच्या धंद्यातलं ब्रह्मास्त्र आहे. तिनं ते शांतपणे ऐकलं आणि पुन्हा त्याच ओळीवर येऊन बसली. पुढे काही शिकवायला गेलो की ती म्हणायची, ‘ते एचचं कळलं नाही ना, म्हणून हे पण नाही कळत.’ तीन आठवडे आम्ही एकाच पानावर.

घरी येऊन मी चरफडायचो. आमची बायको पोलादपूरकडच्या गावातली, तिला माझ्या नाटकाची सवय आहे.

‘पोरगी मुद्दाम करते,’ मी म्हटलं.

‘काय करते?’

‘नाही नाही म्हणते.’

‘अवो, मंग तिला नाय समजत म्हणून नाय म्हणते. माझ्याशी लग्न ठरवायला आलात तेव्हा मी नाय म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मला बी कोणी सांगितलं न्हवतं, तसं म्हणता येतं म्हणून.’

तिच्या हसण्यात मीही हसलो. पण आत कुठेतरी भीती होती. आणखी थोड्या दिवसांत ही मुलगी तिच्या आईला सहज सांगेल की सरांनाच येत नाही. आणि अलिबाग हे असं गाव आहे की रेवसला सांगितलेली गोष्ट लाँच सुटायच्या आत स्टँडवर पोचते.

म्हणून मी जे केलं ते केलं. त्या वेळी मला ती गंमत वाटली होती.

‘हे बघ,’ मी एके दिवशी खुर्ची पुढे ओढून, गुपित सांगितल्यासारखं म्हणालो, ‘तू शाळेत गेली नाहीस म्हणून तुला एक रीत माहीत नाही. मी वाक्य अर्धं सोडलं की तू पुरं करायचं. आणि मी समजलं का विचारलं की म्हणायचं, हो सर.’

‘समजलं नसलं तरी?’

‘अगं, शिकवणाऱ्याला बरं वाटतं. आणि पुढे जाता येतं. समजायचं ते नंतर समजतं.’

‘सगळे असं करतात?’

‘सगळे.’

तिनं मान डोलावली. परक्या घरी जेवायला गेल्यावर तिथली पद्धत समजून घ्यावी, तशी.

पुढच्या दिवसापासून माझा सुवर्णकाळ सुरू झाला. ‘कॉऽऽ...’ की लगेच ‘स एक्स, सर.’ ‘समजलं?’ की ‘हो सर.’ एकटीच, पण काय चोख! एचचा प्रश्न गेला. प्रत्येक गणिताचा एक टाइप असतो आणि प्रत्येक टाइपला ठरलेल्या पायऱ्या असतात, त्या मी तिला घोकून घेतल्या. डेरिव्हेटिव्ह संपलं, इंटिग्रेशन संपलं, डिफरन्शियल इक्वेशन तर एका आठवड्यात उडवलं. मी तिच्या आईला म्हणालो, ‘ताई, पोरगी लायनीवर आली.’ आईनं ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, ‘खरंच? हल्ली बोलत नाही फारशी. अभ्यास वाढलाय म्हणून असेल.’

‘अभ्यास वाढलाय,’ मी म्हणालो.

विषय बदलायची मुदत संपायला थोडे दिवस राहिले असताना मी तिची परीक्षा घेतली. नेहमीच्या टाइपची गणितं तिनं झरझर सोडवली. शेवटचं गणित मी थोडं फिरवून घातलं होतं. अवघड नव्हतं, फक्त रोजच्यासारखं दिसत नव्हतं. त्याच्या पुढचं पान कोरं होतं.

‘हे का सोडलंस? हे समजलं होतं ना?’

‘नाही.’

‘मग त्या दिवशी हो म्हणालीस ते?’

‘तुम्हाला बरं वाटावं म्हणून,’ ती म्हणाली. ‘तुम्हीच सांगितलं होतं.’

तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. उलट तिलाच अवघडल्यासारखं झालं होतं. वेणीचं टोक बोटाला गुंडाळत ती पुढे म्हणाली, ‘सर, मला वाटतं मी विषय बदलते. तुम्ही खूप केलंत. शाळेतली मुलं असं हो म्हणत म्हणत शिकतात आणि त्यांना नंतर समजतं. मला नाही समजलं. मी शाळेत गेले नाही, म्हणून असेल. आता ते शिकायला उशीर झालाय.’

मी तिथे बसलो होतो, त्या प्लास्टिकच्या खुर्चीत. लहानपणापासून नाही म्हणता येणारी मुलगी मी दोन महिन्यांत मोडली होती आणि दोष तिनं आपल्याकडे घेतला होता. मला वाटलं, जमीन दुभंगावी. मग वाटलं, निदान कुत्र्यानं तरी येऊन चावावं, म्हणजे बोलायला विषय मिळेल. कुत्रं झोपलं होतं.

‘ऐक,’ मी म्हणालो. आवाज असा आला की मलाच ओळखू आला नाही. ‘तो एच. तो शून्य कधी होतो ते मला माहीत नाही.’

‘म्हणजे आत्ता आठवत नाही?’

‘माहीतच नाही. कधीच नव्हतं.’

मी वाट बघत होतो की आता ती आईला हाक मारील.

‘मग तुम्ही इतकी वर्षं काय सांगत होता?’

‘मला जे सांगितलं होतं ते.’

‘आणि त्या मुलांना कळायचं?’

‘विचारलं नाही कधी. म्हणजे विचारायचो. ते हो म्हणायचे.’

ती हसली. एवढ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. मोठ्यानं, मागे रेलून हसली, आणि म्हणाली, ‘मला वाटलं फक्त मलाच नाही येत!’ मग पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातली. ‘काका, मग शोधू या ना आपण.’

मी ‘सर म्हण’ म्हणालो नाही.

पुढचे दोन आठवडे आम्ही पुस्तकं चाळली, व्हिडिओ बघितले, एकमेकांशी भांडलो. कल्पना शेवटी तिलाच सुचली. लहानपणापासून तिला खाडीच्या भरतीची नोंद ठेवायचा नाद. ती म्हणाली, ‘पाणी वर चढतं ना, ते आत्ता या क्षणाला किती वेगानं चढतंय? हाच प्रश्न आहे. क्षणाला तर वेळच नसतो. मग वेग कसा काढायचा?’

म्हणून एका दुपारी आम्ही रेवसच्या बाजूला खाडीवर गेलो. तिनं बांबूवर खुणा केल्या होत्या. लाटांनी पाणी हलतं म्हणून एका ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला, जिथे पाणी शांत होतं तिथे, आम्ही बांबू रोवला. म्हणजे मी रोवला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चिखलात. ती बांधावर घड्याळ घेऊन. ठरवलेल्या क्षणापासून तासाभरात पाणी किती चढलं, ते भागिले मिनिटं. मग अर्ध्या तासाचं. मग दहा मिनिटांचं, पाच मिनिटांचं. पहिलं उत्तर आणि दुसरं उत्तर यांत बराच फरक होता. दुसऱ्या-तिसऱ्यात कमी. शेवटची दोन जवळजवळ सारखी.

ती कागदावर वाकून उत्तरं एकाखाली एक मांडत होती. मी चिखलात उभा. मग ती हळूच म्हणाली, ‘काका, एच शून्य होतच नाही. करायचाच नसतो. तो कमी कमी करत गेलो की उत्तरं कुठल्या आकड्याभोवती गोळा होतात, तेवढंच बघायचं. तो आकडा म्हणजे वेग. शून्य घालतो ती फक्त तो आकडा पटकन काढायची युक्ती आहे.’

मला कळलं. वयाच्या पन्नाशीत, पोटरीपर्यंत चिखलात, मला डेरिव्हेटिव्ह कळलं. ‘टेंड्स टू’ म्हणत मी जेवढ्या वेळा मांजरासारखा चाललो होतो, ते सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि आनंद आणि लाज एकदमच आली. मी मोठ्यानं ओरडणार होतो. तेवढ्यात बांधावरून खरंच कोणीतरी ओरडलं.

‘ओ सर! हितं काय करताय?’

माझ्या क्लासची चार पोरं. लाँचवरून उतरून घरी चालली होती. बांधावर उभं राहून खाली बघत होती. फ्लेक्सवरचा माणूस चिखलात, हातात बांबू.

आणि मी काय म्हणालो? माझ्या तोंडून खलनायकाचा आवाज आपोआप निघाला. ‘तिसऱ्या! आमच्या मॅडमनी तिसऱ्यांचे शिंपले आणायला सांगितलेत! आज कालवण!’

‘सर, हितं तिसऱ्या नाय गावायच्या! आणि बांबूनं कोण काढतं?’ दुसरा म्हणाला, ‘मॅडमला सांगा, आमच्या घरून पाठवतो वाटीभर!’ सगळे खिदळले, मीही खिदळलो, हात हलवला. पोरं गेली.

मुलगी कागदाची घडी करत होती.

‘आपण तिसऱ्या काढत होतो?’

‘अगं, ते... गंमत.’

‘त्यांना पण एचचं माहीत नसेल ना? तुम्ही सांगितलं असतंत तर ती खाली आली असती.’

मी बांबू उपटायला वाकलो. वाकलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, एवढी एकच सोय होती. परत येताना रिक्षात माझ्या पायांवरचा चिखल वाळून तडकत होता.

तिनं विषय बदलला नाही. मुदत गेली. आम्ही पहिल्यापासून सगळं पुन्हा सुरू केलं, आणि आता ‘नाही’ म्हणण्यात आमची चुरस असायची. कधी ती म्हणायची, कधी मी. पण दिवस थोडे राहिले होते. जे दोन महिने मी ‘हो सर’ ऐकण्यात घालवले ते परत येणार नव्हते. डिफरन्शियल इक्वेशनला आम्ही पोचलोच नाही.

परीक्षा केंद्र पेणला आलं. तिची आई आणि मी शाळेच्या फाटकाबाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभे होतो. ती बाहेर आली ती खुशीत. शाळेत न गेलेल्या तिला परीक्षेपुरता मिळणारा शाळेचा बाक अजून नवलाचा होता. ‘आई, बाकांवर सगळ्यांनी नावं कोरलीयत! केवढी!’

‘पेपर?’ मी विचारलं.

‘बरा होता. डिफरन्शियल इक्वेशनचे सोडले. आलं होतं बरंच.’

‘सोडले? अगं, ते तर तेव्हा पाठ करून घेतले होते!’

‘पाठ आहेत ना. म्हणून दाखवू?’ आणि तिनं तिथेच, रसवाल्यासमोर, अख्खं उत्तर म्हणून दाखवलं, पायरीसकट, आणि जिथे जिथे मी थांबतो तिथे थांबून.

‘मग लिहिलं का नाहीस?’

‘त्याचा अर्थ मला माहीत नाही. माहीत नाही ते कसं लिहायचं?’

‘लिहायचं!’ मी ओरडलो. ‘सगळे लिहितात! मार्क मिळतात त्याचे!’

फाटकातून बाहेर पडणारी पोरं थबकली. रसवाल्यानं चाक थांबवलं. तिची आई माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग असता तर मला आवडलं असतं. मुलीनं रसाचा ग्लास उचलून माझ्या हातात दिला. ‘काका, घ्या,’ ती म्हणाली. तो रस मी कसा प्यालो ते मला माहीत.

निकाल लागला. ती पास झाली, पण लागणारे टक्के भरले नाहीत. त्या सोडलेल्या प्रश्नांएवढेच कमी. जहाजांच्या कॉलेजचं ते वर्ष गेलं. तिच्या आईनं फोनवर मला हे सांगितलं तेव्हा दोष दिला नाही. उलट म्हणाल्या, ‘ती पुन्हा बसतेय सर, पुढच्या सत्राला. विषय सोडायचं नावसुद्धा काढत नाही.’ मी हूं हूं करत राहिलो. फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, ‘तुमी गप्प बसलात की मला भ्या वाटतं,’ आणि चहा टाकायला गेली.

त्याच सुमारास स्टँडवर नवा फ्लेक्स लागला, आणि मी मागची गल्ली धरली.

पुढच्या आठवड्यात माझा वर्ग चालू असताना मुलगी दारात येऊन उभी राहिली. नवी बॅच, पहिला महिना, साठ माना तिच्याकडे वळल्या. तिच्या हातात पुस्तक होतं.

‘काका, डिफरन्शियल इक्वेशन सुरू करायचंय. कधी येता?’

‘मलाही येत नाही’ एवढं वाक्य मला जमलं असतं. तिथेच, फळ्यापाशी उभं राहून. तोंडापर्यंत आलं होतं. साठ पोरं बघत होती. मी खडू ठेवला, तिला घेऊन बाहेर जिन्यात आलो, मागे दार लावलं आणि खालच्या आवाजात म्हणालो, ‘तो चॅप्टर मलाही नीट येत नाही.’

‘मला वाटलंच होतं,’ ती म्हणाली. ‘पण एवढं हळू का बोलताय?’

मी बंद दाराकडे बघितलं. आत कुजबुज सुरू झाली होती.

‘तू बस,’ मी म्हटलं. ‘आलोच.’

मी आत गेलो आणि वर्ग सोडून दिला. पोरांना काय कारण सांगितलं ते विचारू नका. त्यांनी आनंदानं आरडाओरडा केला, दप्तरं उचलली आणि धाडधाड जिना उतरून गेली, तिला वळसा घालून.

ती मधल्या पायरीवर पुस्तक मांडीवर उघडून बसली होती. ‘हे पहिलंच वाक्य बघा,’ ती म्हणाली. मी चष्मा पुसून वाचलं. पुन्हा वाचलं.

‘कळलं?’ तिनं विचारलं.

‘नाही,’ मी म्हणालो, आणि तिच्या खालच्या पायरीवर बसलो.